वाढलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये थायरॉईडचा वाटा किती?

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांवर जाते. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणांच्या, त्यातही बायकांच्या, रिपोर्टात असे दोन आकडे एकदमच ठळक झालेले दिसतात: लिपिड प्रोफाइलमधले एलडीएल कोलेस्टेरॉल आणि थायरॉईडच्या तपासणीतले टीएसएच, जे थायरॉईड मंदावले की वाढते. मग सल्लेही दोन तऱ्हेचे मिळतात. एक म्हणतो, हे सगळे थायरॉईडमुळे आहे, थायरॉईडची गोळी सुरू झाली की कोलेस्टेरॉल आपोआप उतरेल. दुसरा म्हणतो, थायरॉईडचे थायरॉईडपाशी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आजच सुरू करा. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. गेल्या शंभर वर्षांतला पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर असे दिसते की थायरॉईड मंदावल्याने कोलेस्टेरॉल वाढते हे निर्विवाद आहे, पण किती वाढते हे थायरॉईड किती मंदावले आहे त्यावर ठरते. मोठा बिघाड असेल तर वाढीचा मोठा भाग त्याच्या माथी मारता येतो. बिघाड किरकोळ असेल तर थायरॉईडला दोष देऊन कोलेस्टेरॉलचा प्रश्न सुटत नाही, नुसता लांबणीवर पडतो.

हा संबंध डॉक्टरांच्या लक्षात आला तो टीएसएचची तपासणी निघण्याच्या कितीतरी आधी. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क एका मिक्सिडिमाच्या रुग्ण स्त्रीला टोचला. चेहरा व अंग सुजलेली, बोलण्या-चालण्यात मंदावलेली ती शेचाळीस वर्षांची बाई त्या अर्कावर पुढे १९१९ पर्यंत जगली. ग्रंथी बंद पडली तरी तिचा स्राव बाहेरून देता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन वेगळे काढले. १९३० मध्ये मेसन, हंट आणि हर्क्सथल या अमेरिकी डॉक्टरांनी थायरॉईड मंदावलेल्या आणि अतिसक्रिय झालेल्या रुग्णांचे कोलेस्टेरॉल मोजून प्रसिद्ध केले. मंदावलेल्यांत ते चढलेले होते, अतिसक्रियांत उतरलेले. टीएसएच अचूक मोजता येऊ लागेपर्यंत पुढची काही दशके रक्तातले कोलेस्टेरॉल हीच थायरॉईडची एक अप्रत्यक्ष तपासणी म्हणून वापरली जाई. आज आपण कोलेस्टेरॉल वाढले की थायरॉईड पाहावे असे म्हणतो. त्या काळी थायरॉईडचा संशय आला की कोलेस्टेरॉल पाहत.

कारण कळायला मात्र वेळ लागला, आणि ते वाटते तसे सरळ नाही. थायरॉईड मंदावले की यकृतात नवे कोलेस्टेरॉल तयार होण्याचा वेग खरे तर कमी होतो. मग रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते कसे? याचे उत्तर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या १९८५ मध्ये नोबेल मिळालेल्या संशोधनातून मिळाले. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात. थायरॉईडचे टी-३ हे संप्रेरक या रिसेप्टरचा जनुक जागा ठेवते. ते कमी पडले की रिसेप्टरची संख्या घटते आणि कण रक्तातच फिरत राहतात. गल्लीत कचरा आधीपेक्षा कमी निघू लागला, पण घंटागाडी आठवड्यातून एकदाच येऊ लागली, तर कोपऱ्यावर ढीग साचणारच, तसेच हे. शिवाय कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लात रूपांतर होऊन ते शरीराबाहेर पडण्याची वाटही मंदावते. ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमचे काम ढिले पडते, म्हणून काहींचे ट्रायग्लिसराइडही चढते. एचडीएल बहुधा ठीक असते, कधी किंचित वाढलेलेही. त्यामुळे ‘चांगले कोलेस्टेरॉल चांगले आहे’ एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नसतो, कारण तेही याच मंदावलेल्या यंत्रणेचे फळ असू शकते.

आता दोन रिपोर्ट समोर ठेवू. ते कुणाचे नाहीत. समजावण्यासाठी मांडलेले नमुने आहेत. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल २८६, ट्रायग्लिसराइड २२०, एचडीएल ५२. अनेक लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. इथे ५२ आणि ४४ वजा केले की एलडीएल १९० मिलिग्रॅम येते. त्याच रक्तात टीएसएच ६२ आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचे दुसरे संप्रेरक, सामान्य पातळीच्या बरेच खाली. दुसऱ्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल २३८, ट्रायग्लिसराइड १८०, एचडीएल ४४, म्हणजे एलडीएल १५८. टीएसएच ६.२ आणि फ्री टी-४ नॉर्मल. दोन्ही कागदांवर थायरॉईड ‘वाढलेले’ आणि कोलेस्टेरॉलही ‘वाढलेले’ असेच छापून येईल, आणि दोघांनाही ‘तुम्हाला थायरॉईड आहे’ असेच सांगितले जाईल. पण वैद्यकीयदृष्ट्या ही दोन अगदी वेगळी माणसे आहेत. पहिल्याची ग्रंथी उघड निकामी झाली आहे. दुसऱ्याची जेमतेम कुरकुरते आहे. या अवस्थेला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात.

पहिल्या रुग्णाच्या बाबतीत पुरावा स्वच्छ आहे. उघड हायपोथायरॉईडिझममध्ये लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, देऊन टीएसएच नॉर्मलवर आणले की एलडीएल ठळकपणे उतरते, आणि मुळात टीएसएच जितके जास्त तितकी ही घट मोठी असते. म्हणून इथे थायरॉईड आधी हा क्रम योग्य ठरतो. हे कोलेस्टेरॉल थायरॉईडमुळे वाढलेले, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूतही जुनीच आहे. बोस्टनमध्ये हर्मन ब्लुमगार्ट आणि सहकाऱ्यांनी १९३३ पासून असह्य अंजायना असलेल्या हृदयरुग्णांची चांगली थायरॉईड ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. शरीराची गरज मंदावली की हृदयावरचा भार कमी होईल, हा विचार. काहींना छातीतल्या दुखण्यात आरामही मिळाला, आणि कोलेस्टेरॉल चढले तरी लगेच काही बिघडले नाही असे तेव्हा वाटले. पण थोड्या वर्षांत काही न दिसणे म्हणजे धोका नसणे नव्हे. एलडीएलचे नुकसान दशकांच्या हिशेबात होते. जन्मतः एलडीएल रिसेप्टर सदोष असलेल्या कौटुंबिक आजारात तरुणपणीच हृदयविकार का येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. थायरॉईड मंदावल्यावर त्याच रिसेप्टरची संख्या घटते आणि साचणारे कण तेच असतात. त्यात हायपोथायरॉईडिझममध्ये खालचा रक्तदाबही वाढतो. हे कोलेस्टेरॉल वेगळे आणि निर्दोष मानायला काही आधार नाही.

क्रमाच्या या आग्रहावर एक रास्त आक्षेप येतो. थायरॉईड सुधारून मग पुन्हा लिपिड पाहायचे तर दोन-तीन महिने जातात. ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका आला आहे त्याने तोवर काय थांबून राहायचे? नाही. ज्याच्या धमन्यांत आधीच अडथळा आहे त्याला स्टॅटिनची गरज कोलेस्टेरॉलच्या कारणावर अवलंबून नसते. त्याला ते सुरू होते आणि थायरॉईडचा उपचार शेजारी चालतो, तोही हृदयावर एकदम ताण येऊ नये म्हणून अगदी छोट्या डोसपासून. पण ज्यांना हृदयविकार नाही आणि ज्यांचे टीएसएच खूप वाढलेले आहे, त्यांच्याबाबत घाई उलटू शकते. थायरॉईड कमी असताना स्नायूंचा त्रास आधीच असतो आणि रक्तातले क्रिएटिन कायनेज अनेकदा वाढलेले असते. अशा शरीरात स्टॅटिन टाकले की स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, क्वचित ती गंभीर होते. अंगदुखीमुळे स्टॅटिन सोडलेल्या माणसाचे टीएसएच तपासले तर मूळ कारण तिथे सापडू शकते. म्हणूनच कोलेस्टेरॉलवरच्या अनेक मार्गदर्शक सूचनांत स्टॅटिन सुरू करण्याआधी वाढीची दुय्यम कारणे, म्हणजे मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे विकार आणि थायरॉईड, पाहून घ्या असे बजावलेले असते.

खरा वाद आहे तो दुसऱ्या रिपोर्टाचा, आणि संख्येने असेच रुग्ण जास्त आहेत. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत ५,००० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत साधारण ११ टक्क्यांना हायपोथायरॉईडिझम आढळला, आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. टीएसएच वाढलेले पण टी-४ नॉर्मल, असे सबक्लिनिकल लोक आणखी ८ टक्के निघाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या २५,८६२ लोकांची अशीच तपासणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे थायरॉईड नॉर्मल असलेल्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २१६ होते, सबक्लिनिकल असलेल्यांचे २२४ आणि उघड हायपोथायरॉईडिझम असलेल्यांचे २५१. चढ सगळीकडे आहे, पण किती असमान! सबक्लिनिकल गटातला फरक अवघा आठ मिलिग्रॅमचा. त्यातही वय वाढले की टीएसएच आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आपापल्या परीने वाढतात, त्यामुळे त्या आठातले सगळे थायरॉईडच्याच नावावर मांडता येत नाहीत.

उपचारांच्या चाचण्यांतूनही हेच निघते. सबक्लिनिकल रुग्णांना लेव्होथायरॉक्सिन दिलेल्या अभ्यासांची बेरीज २००० मध्ये डॅनीस आणि सहकाऱ्यांनी मांडली. एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ८ आणि एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने उतरले. स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांवरून कळते की एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरवून काही वर्षे तसे ठेवले तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. त्याच प्रमाणात धरले तर दहा मिलिग्रॅमच्या घटीतून पाच-सहा टक्क्यांचा फायदा निघेल. शून्य नाही, पण १५८ एलडीएल असलेल्याला तेवढ्याने सुरक्षित म्हणता येणार नाही. त्याला स्टॅटिनची खरोखर गरज असेल तर मध्यम डोसही ते आकडे ३० टक्क्यांहून अधिक खाली आणतो. थायरॉईडची गोळी चालू आहे, थोडे थांबू, असे म्हणत दोन वर्षे घालवण्याने नुकसान होते ते त्याचेच.

यावर पुढचा आक्षेप असा की गोळी स्वस्त आहे, शरीरातलेच संप्रेरक आहे, थोडा जरी फायदा होत असेल तर द्यायला काय हरकत? इथे हृदयविकाराचा थेट पुरावा पाहायला हवा. २०१० मध्ये रोदोंदी आणि सहकाऱ्यांनी अकरा दीर्घकालीन अभ्यासांतल्या ५५,२८७ लोकांची माहिती एकत्र केली. टीएसएच १० ते १९.९ असणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना जवळपास १.९ पट होत्या. टीएसएच ४.५ ते ६.९ असणाऱ्यांत वाढ दिसलीच नाही. धोका टीएसएचच्या पायऱ्यांनी चढतो आणि दहाच्या आसपास ठळक होतो. उपचार बहुतांश तज्ज्ञ त्या पातळीपासून का सुचवतात, याचे कारण इथे आहे. ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत सौम्य वाढ असणाऱ्यांना गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. हृदयावरच्या परिणामाचा निकाल लावण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती, हे मान्य. पण २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी सगळा पुरावा तोलून सबक्लिनिकल प्रौढांना ही गोळी नेहमीची म्हणून देऊ नये अशी ठाम शिफारस केली. गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रिया, टीएसएच वीसच्या वर गेलेले, फार तरुण रुग्ण आणि तीव्र लक्षणे असणारे यांना त्यातून वगळले. उलट बाजूचा पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या रेकॉर्डवरून २०१२ मध्ये केलेल्या एका अभ्यासात ४० ते ७० वयाच्या उपचार घेणाऱ्या सबक्लिनिकल रुग्णांत हृदयविकार कमी आढळला, सत्तरीच्या वर मात्र नाही. पण तिथे कोणाला गोळी द्यायची हे डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवलेले होते, चिठ्ठ्या टाकून नाही. मध्यमवयात विचारपूर्वक उपचार करण्याला त्यातून आधार मिळतो. सरसकट देण्याला मिळत नाही.

शिवाय ‘शरीरातलेच आहे’ म्हणून ते निर्धोक ठरत नाही, हे थायरॉईडच्या बाबतीत इतिहासाने एकदा महागात शिकवले आहे. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी थायरॉईड नॉर्मल असलेल्यांनाच थायरॉक्सिनचा एक प्रकार, डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, देण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये झाला. झटका येऊन गेलेल्या ८,३४१ पुरुषांच्या त्या मोठ्या चाचणीत या औषधाचा गट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबवावा लागला, कारण त्यात मृत्यू जास्त होत होते. कोलेस्टेरॉल उतरले, माणसे वाचली नाहीत. डोस जास्त झाल्यास लेव्होथायरॉक्सिनही हृदयाची लय बिघडवते, विशेषतः वयस्करांत, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ करते. यकृतातला थायरॉईड रिसेप्टर मुख्यतः बीटा जातीचा आणि हृदयातला अल्फा जातीचा, हे कळल्यावर फक्त यकृतावर काम करणारी औषधे शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यातले रेस्मेटिरॉम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेही यकृताच्या चरबीजन्य आजारासाठी. एलडीएल त्याने उतरते, पण ती त्याची मंजूर झालेली ओळख नाही. एका जुन्या कल्पनेला सुरक्षित वाट सापडायला पाच दशके लागली.

मग उरते ते उपचार सुरू झाल्यावरचे काम, आणि गडबड इथेच जास्त होते. गोळी सुरू केली, कोलेस्टेरॉल तिथेच आहे, म्हणजे औषध निकामी, असा निष्कर्ष काढण्याआधी टीएसएच खरोखर खाली आले का ते पाहावे. कोलोरॅडोच्या त्याच पाहणीत थायरॉईडची औषधे घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांचे टीएसएच बिघडलेले निघाले, काहींचे जास्त, काहींचे कमी. याचे एक कारण अगदी साधे असते. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास काही खायचे-प्यायचे नाही. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या दुधाचा चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, असा प्रकार घराघरांत चालतो. मग गोळीचा काही भाग शोषलाच जात नाही. हाडांसाठी दिलेले कॅल्शियम आणि रक्तासाठी दिलेले लोह यांच्यात आणि या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे, नाहीतर ती पोटातच अडकते. बाटली रिकामी झाली की दुसऱ्याच कंपनीची गोळी आणली तरी पातळी हलू शकते, आणि केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे काही लॅबमध्ये टीएसएचचा आकडा खोटाच कमी येतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि ते नॉर्मल झाल्यावर काही आठवड्यांनी लिपिड, असा हिशेब ठेवला तरच कोलेस्टेरॉलचा जो भाग उरला तो थायरॉईडचा नाही, हे खात्रीने म्हणता येते. उरलेला भाग मग वय, वजन, मधुमेह, घरातला हृदयविकाराचा इतिहास यांच्या जमाखर्चाने सोडवायचा, थायरॉईड नसलेल्या माणसाचा सोडवतात तसाच. पहिल्या रिपोर्टातल्या रुग्णाचे एलडीएल १९० वरून १२० पर्यंत उतरले तर उत्तम, पण त्याला मधुमेह असेल तर १२० देखील पुरेसे खाली नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि वेगळ्या भीतीचा. कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रत्येकाचे टीएसएच तपासले तर सौम्य वाढ असलेले लाखो लोक सापडतील आणि त्यांना विनाकारण गोळ्या लागतील. पहिला भाग खरा आहे; दुसरा टाळता येतो. टीएसएच ही एकच, तुलनेने स्वस्त तपासणी आहे, तीही त्याच सुईने काढलेल्या रक्तातून होते, आणि तिच्यामुळे उघड हायपोथायरॉईडिझम असलेल्यांना आयुष्यभराचे अनावश्यक स्टॅटिन किंवा त्याचे स्नायूंवरचे परिणाम टळतात. सौम्य वाढ सापडली तर लगेच गोळी न लावता दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची, कारण यातल्या अनेकांचे टीएसएच आपोआप नॉर्मलवर येते. इस्राएलमधल्या मोठ्या नोंदींवर २००७ मध्ये झालेल्या एका पाहणीत सौम्य वाढ असणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचे टीएसएच पाच वर्षांत गोळीशिवाय नॉर्मल झाले होते. तपासणी करणे आणि उपचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी लक्षात ठेवले तर ही भीती उरत नाही.

तेव्हा एलडीएल वाढलेले दिसले की त्याच रक्तात टीएसएच मागून घ्या. ते दहाच्या वर असेल, किंवा टी-४ खाली असेल, तर हृदयविकार नसल्यास थायरॉईड आधी सुधारा आणि कोलेस्टेरॉल नंतर पुन्हा मोजा. ते पाच-सात असेल तर कोलेस्टेरॉलचा दोष थायरॉईडवर ढकलू नका. आहार, व्यायाम आणि गरज असेल तर स्टॅटिन, यांचा विचार थायरॉईड नसल्यासारखाच करा. आणि गोळी सुरू असेल तर रोज सकाळी पाण्याबरोबर ती घ्या, चहा तासाभराने प्या.